एका फोटोला किती घरं हवीत?

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार आला की डिंडोलीच्या सोसायट्यांमध्ये कानबाई बसते. नारळाला नाक-डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, आणि रात्रभर गाणी म्हणायची. सोमवारी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला न्यायचं. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली हा सुरतेचा सगळा पट्टा खानदेशानं भरलेला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूमच्या आणि मिलच्या कामाला आलेल्यांची इथं आता नातवंडं मोठी होताहेत. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, कानबाईच्या रोटांचा वास आहे, अहिराणी आहे. आणि मिरवणूक निघाली की डोक्यांच्या वर एक दुसरी मिरवणूक चालते, उंचावलेल्या मोबाइलची.

तो एकेक मोबाइल काय गिळतो याचा हिशेब करून बघा. बारा मेगापिक्सेलचा फोटो सरासरी ४ एमबीचा धरू. एका माणसानं दिवसाला दहा फोटो काढले तर वर्षाला १४.६ जीबी. घरात चार फोन असतील तर ५८ जीबी, आणि यात व्हिडिओ धरलेलाच नाही. मागच्या पिढीत छत्तीस फोटोंचा एक रोल साखरपुड्यात अर्धा वापरून उरलेला बारशापर्यंत जपायचे. गुगल फोटोजनं मे २०१५ मध्ये थोड्या दाबलेल्या फोटोंसाठी हवी तेवढी जागा फुकट दिली, आणि सगळ्यांची सवय बिघडली. १ जून २०२१ पासून ती उधळण थांबली. आता मेलसकट सगळं मिळून १५ जीबी फुकट, म्हणजे वरच्या हिशेबानं एका माणसाचं जेमतेम एक वर्ष.

पण जागेच्या टंचाईपेक्षा मला जास्त नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे फोटो असतात कुठं? म्हणजे अगदी शब्दशः, कोणत्या पदार्थात, कोणत्या रूपात? अल्बममधला फोटो हातात धरता येतो. फोनमधल्या फोटोला हात लावायचा तर कशाला लावायचा?

संगणकात गेलेला पहिला फोटो एका तान्ह्या बाळाचा होता, हे मला फार आवडतं. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श नावाच्या अभियंत्यानं एक स्कॅनर बनवला आणि चाचणीसाठी स्वतःच्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डेनचा, फोटो त्यात घातला. उभे १७६ आणि आडवे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. आज साध्यातला फोनही त्याच्या जवळजवळ चारशे पट ठिपके एका टिचकीत टिपतो. विषय मात्र बदललेला नाही. कोणत्याही घरातला फोन उघडा, सगळ्यात जास्त जागा बाळानंच अडवलेली असते.

आता त्या फोनच्या आत जाऊ. फोनमधली साठवण फ्लॅश प्रकारची असते. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती शोधली आणि १९८४ मध्ये जगापुढे मांडली. सिलिकॉनच्या तुकड्यावर अब्जावधी सूक्ष्म कोठड्या असतात. प्रत्येक कोठडीभोवती विजेला अडवणारी, काही नॅनोमीटर जाडीची भिंत असते आणि तिला दार नसतं. मग इलेक्ट्रॉन आत कसे जातात? भिंतीतून आरपार. बाहेरून पुरेसा व्होल्टेज लावला की इलेक्ट्रॉन भिंत न फोडता पलीकडे उमटतात. क्वांटम विज्ञान याला टनेलिंग म्हणतं, आणि आपण त्याला ‘फोटो सेव्ह झाला’ म्हणतो. व्होल्टेज काढला की आत गेलेले आतच अडकतात. फोन बंद करा, बॅटरी संपू द्या, ते तिथंच असतात.

हल्लीच्या बऱ्याच चिपांमध्ये एका कोठडीत किती इलेक्ट्रॉन भरले याच्या आठ पातळ्या ओळखल्या जातात, म्हणजे एका कोठडीत तीन बिट मावतात. ४ एमबीचा फोटो म्हणजे ३ कोटी २० लाख बिट. त्याला एक कोटीहून जास्त कोठड्या लागतात. प्रत्येकीत काही शेकडे इलेक्ट्रॉन धरले, तर कानबाईपुढे फुगडी घालणाऱ्या बायकांचा एक फोटो म्हणजे काही शे कोटी इलेक्ट्रॉनांची नेमून दिलेली जागा. दोन पातळ्यांमधला फरक मोजक्या इलेक्ट्रॉनांचा असतो, आणि एवढ्यावर ओळखीचा चेहरा ओळखीचा राहतो.

हे सगळं कायमचं नाही. भिंत कितीही चांगली असली तरी इलेक्ट्रॉन हळूहळू निसटत राहतात, माठातून पाणी झिरपावं तसे. फरक एवढाच की माठाला उन्हात पाझर फुटला तर आपल्याला बरं वाटतं, इथं उष्णता शत्रू आहे. जितकी गरमी जास्त, तितकी गळती जास्त. उद्योगाचं मानक असं सांगतं की साध्या वापराचा एसएसडी (फ्लॅश चिपांचीच डिस्क), त्याचं लिहिण्या-पुसण्याचं ठरलेलं आयुष्य पुरं झाल्यावरही, विजेशिवाय ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष तरी माहिती टिकवू शकला पाहिजे. एक वर्ष! नवा, कमी वापरलेला एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकतो, घाबरण्याचं कारण नाही. पण लग्नाचा पेन ड्राइव्ह लाल मखमली डबीत घालून, सुरतेच्या मे महिन्यात तापणाऱ्या लोखंडी कपाटात, दागिन्यांशेजारी दहा वर्षं निजवणं याला जपणूक म्हणता येणार नाही. दागिना न हलवता टिकतो. पेन ड्राइव्हला अधूनमधून जागं करून वाचावं लागतं, आणि नव्या जागी उतरवावं लागतं.

मग असा प्रश्न पडतो की इलेक्ट्रॉन सतत थोडेफार निसटतच असतील, तर फोटो रोज थोडा थोडा बिघडत का नाही? इथं गणित मदतीला येतं, आणि या गणितात आपल्या माणसांचा मोठा हात आहे.

बेल लॅब्जमधले रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्राला काम लावून जात आणि सोमवारी येऊन बघत, तर यंत्र चूक सापडली म्हणून मध्येच थांबलेलं. वैतागून त्यांनी विचारलं, यंत्राला चूक सापडते तर ती दुरुस्त का करता येऊ नये? त्यातून १९५० मध्ये चुका दुरुस्त करणारे संकेत जन्मले. मूळ माहितीसोबत थोडे जादा बिट असे जोडायचे की एखादा बिट उलटला तर कोणता उलटला तेही कळावं. पुढं १९६० च्या आसपास राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार रायचौधुरी या दोन भारतीयांनी, आणि त्यांच्याआधी थोडा काळ स्वतंत्रपणे फ्रान्सच्या ऑकँगेम यांनी, एकाच वेळी अनेक चुका दुरुस्त करणारे संकेत शोधले. तिघांच्या नावांवरून त्यांना बीसीएच म्हणतात. मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्हच्या कंट्रोलर चिपांमध्ये वर्षानुवर्षं हेच संकेत राबत आले. आता नव्या चिपांत त्यांची जागा एलडीपीसी नावाच्या दुसऱ्या कुळानं बरीचशी घेतली आहे, ती गोष्ट वेगळी.

याच बोस यांच्याकडे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात पीएच.डी. केलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे हे मराठी गणितज्ञ. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी लॅटिन चौकोनांबद्दलचा (प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येईल अशा मांडणीबद्दलचा) ऑयलरचा पावणेदोनशे वर्षं जुना अंदाज खोटा ठरवला, आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे यांचा बीसीएचशी थेट संबंध नाही, पण चिन्हं कशी मांडली म्हणजे गोंधळ होणार नाही, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. ते पुढं मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि शंभरी ओलांडून २०२० मध्ये गेले. आपल्या शाळांच्या भिंतींवर त्यांचा फोटो का नसतो, हे मला कळलेलं नाही.

आपल्यातलाच आणखी एक माणूस, पण फोटो दाबून लहान करण्याच्या गणितातला, नसीर अहमद, जन्म १९४०, बंगळुरूचा. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. सगळे लिहून काढले तर ३६ एमबी होतात. आपण वर ४ धरले. मग ३२ एमबी गेले कुठं?

गोष्ट अशी. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. चौकोनातल्या ६४ ठिपक्यांची उजळणी एकेक करून सांगण्याऐवजी, ठरावीक ६४ नक्ष्यांपैकी कोणती किती मिसळली ते सांगायचं. पहिली नक्षी म्हणजे सपाट एकच रंग. पुढच्या नक्ष्यांत उजेड-अंधाराच्या लाटा रुंद, मग अरुंद, मग अगदी बारीक. फोटोत आकाश असतं, साडीचा काठ असतो, भिंत असते, आणि बहुतेक चौकोनांचं काम पहिल्या चार-सहा नक्ष्यांतच भागतं. सगळ्यात बारीक लाटा माणसाच्या डोळ्याला धड दिसतही नाहीत, त्या ढोबळ मोजायच्या किंवा सोडून द्यायच्या. अहमद यांनी ही कल्पना १९७२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदानासाठी पाठवली आणि ती नाकारली गेली. त्यांनी सोडली नाही. आपला विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ च्या जानेवारीत तीन-चार पानांचा शोधनिबंध छापला. १९९२ मध्ये जेपीजीचं मानक ठरलं तेव्हा त्याच्या मुळाशी हेच तंत्र होतं. जगातल्या बहुतेक फोटोंची बस्तानं आज त्या पानांवर बसलेली आहेत.

या दाबण्याचे दोन परिणाम घरातल्या प्रत्येकानं पाहिलेले असतात, कारण माहीत नसतं. एक म्हणजे तो अर्धा करडा फोटो. वरचं डोकं आणि खांदे नीट, खाली एकदम राखाडी पट्टा किंवा भलतेच रंग. जेपीजीमध्ये आकडे एकामागोमाग घट्ट बांधलेले असतात, मध्ये मोकळी जागा जवळजवळ नसते. मधल्या एका बिटाची गडबड झाली आणि ती दुरुस्त झाली नाही, तर तिथून पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं.

दुसरा परिणाम व्हॉट्सअ‍ॅपचा. फाइलची नक्कल शंभर वेळा केली तरी शंभरावी प्रत पहिल्यासारखीच असते, एका बिटाचाही फरक नसतो. कागदी फोटोचा फोटो काढला की तो फिका पडायचा, इथं तसं नाही. पण व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना नक्कल करत नाही, तो पुन्हा दाबतो. ठिपके कमी करतो, बारीक लाटा आणखी सोडतो, आणि फोटोच्या पोटात लपलेली तारीख, वेळ, ठिकाण ही नोंदही काढून टाकतो. म्हणून भावकीच्या ग्रुपवरचे फोटो म्हणजे संग्रह समजू नये. मूळ फोटो हवा असेल तर ज्यानं काढला त्याच्याकडूनच घ्यावा, आणि पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. ग्रुपवरच्या गुलाबाच्या फुलांच्या शुभ सकाळ मात्र निर्धास्त पुसून टाकाव्यात. ज्यांनी पाठवल्या त्यांना कळत नाही, आणि उद्या नव्या येतातच.

इथवर एका फोनच्या आतलं झालं. पण फोन हरवतो, लोकलच्या गर्दीत जातो, पाण्याच्या टाकीत पडतो. चिपमधलं सगळं गणित अशा वेळी चिपबरोबरच बुडतं. म्हणून प्रती कराव्या लागतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी एक साधा नियम रुळवला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. ३-२-१ या नावानं तो जगभर सांगितला जातो. लोक त्यातला तीनचा आकडा लक्षात ठेवतात. माझ्या मते खरी मेख शेवटच्या एकात आहे.

का, ते बघा. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या लाखो हार्ड डिस्कचे आकडे नियमित जाहीर करते. गेल्या काही वर्षांत वर्षाला शंभरातल्या एक-दोन डिस्क बंद पडतात, असं त्यात दिसतं. वाईटात वाईट दोन धरू, म्हणजे पन्नासात एक. दोन डिस्क असतील तर दोन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता पन्नास गुणिले पन्नास, अडीच हजारात एक. तीन असतील तर सव्वा लाखात एक. गुणाकाराची जादू अशी की स्वस्तातल्या, भरवशाच्या नसलेल्या तीन वस्तू मिळून एक विलक्षण भरवशाची व्यवस्था तयार होते. पण या गुणाकाराला एक अट आहे, आणि ती शाळेत संभाव्यता शिकवताना एका ओळीत उरकली जाते: घटना परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. एका डिस्कचं मरण दुसऱ्या डिस्कला ठाऊकच नसावं. तिन्ही डिस्क एकाच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतील, एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच खोक्यातल्या घेतल्या असतील, एकाच प्लगला लावल्या असतील, तर गुणाकार चालत नाही. चोर आला की ड्रॉवरच नेतो.

सुरतेला हे गणित ऑगस्ट २००६ मध्ये पाण्यानं शिकवलं. तापीच्या वरच्या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला, उकाई धरण भरत आलं, आणि सोडलेलं पाणी वाढत वाढत ९ लाख क्युसेकच्या घरात गेलं. धरण शहरापासून शंभरेक किलोमीटर वर. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, तळमजले बुडाले, काही ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. तो काळ अल्बमचा, व्हीसीडीचा आणि नुकत्याच आलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांचा. पाणी ओसरल्यावर गाळ राहतो, आणि गाळात चिकटलेले फोटो सुटे करता येत नाहीत. ओल्या कागदावरचा जिलेटिनचा थर शेजारच्या फोटोला धरतो, आणि ओढला की चेहरा तिकडे जातो. ज्या घरांत लग्नाच्या अल्बमची एक प्रत सुरतेत आणि एक गावी होती, त्यांचं लग्न वाचलं.

आणि इथं डिंडोलीकडे एक अशी गोष्ट आहे जी मोठमोठ्या कंपन्यांना पैसे ओतून उभारावी लागते: गाव. इथल्या बहुतेक खानदेशी घराचं दुसरं टोक अजून अमळनेर, दोंडाईचा, नवापूर, धरणगावकडे आहे. उधन्याहून जळगावला जाणारी रेल्वे याच गावांमधून जाते, आणि अक्षय्य तृतीयेला, दिवाळीला, लग्नसराईत ती ओसंडून वाहते. वर्षातून दोनदा तरी माणूस गावी जातोच. तर पिशवीत एक हार्ड डिस्क नेली, तिथं मोठ्या भावाकडे किंवा काकांकडे ठेवली, आणि पुढच्या खेपेला दुसरी नेऊन जुनी परत आणली, की घराबाहेरची प्रत तयार. डिस्कवर कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, लावलं की पुतण्यांच्या उत्सुकतेचीही सोय होते. मात्र त्याचा पासवर्ड घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असू द्यावा, नाहीतर प्रत शाबूत आणि उघडणारा कोणी नाही.

फक्त एक खोच आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगवते, भुसावळजवळून जाते, धुळे-नंदुरबारच्या बाजूनं प्रकाशाला येते, उकाईत अडते आणि सुरतेत समुद्राला मिळते. ७२४ किलोमीटरची ही नदी डिंडोलीच्या घराला आणि खानदेशातल्या गावाला एकाच दोरीत ओवते. २००६ मध्ये सुरतेत शिरलेलं पाणी वरून, आपल्याच मुलखातून आलेलं होतं. म्हणजे गावाकडची प्रत नदीकाठच्या तळमजल्यात ठेवली, तर कागदावर ती अडीचशे किलोमीटर दूर, पण नशिबानं तितकी दूर नाही. वरच्या मजल्यावर, काठापासून लांब असलेल्या घरात ठेवावी. सुरतेतही तापीची भीती नसलेल्या वस्त्यांना खाडीची भीती असते. लिंबायत, परवत पाटियाकडच्या लोकांना मिठी खाडी काय करते ते पावसाळ्यात सांगावं लागत नाही.

मोठ्या कंपन्याही हाच खेळ खेळतात, फक्त जास्त हुशारीनं. फेसबुकनं २०१४ मध्ये आपल्या जुन्या फोटोंच्या साठवणीची रचना जाहीर केली. त्यात माहितीचे दहा तुकडे करतात, त्यांवरून आणखी चार तुकडे गणितानं बनवतात, आणि चौदा तुकडे वेगवेगळ्या रॅकवर ठेवतात. या चौदांपैकी कोणतेही दहा हाती लागले की मूळ माहिती पूर्ण मिळते. कोणतेही! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं. पण कागद-पेन्सिलीवर दोन मिनिटांत पटतं.

समजा तुम्हाला दोनच आकडे जपायचे आहेत, ३ आणि ५. आलेखाच्या कागदावर पहिल्या घरात ३ उंचीवर एक बिंदू द्या, दुसऱ्या घरात ५ उंचीवर. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते. ती पुढं वाढवा. तिसऱ्या घरात ती ७ वर असेल, चौथ्यात ९ वर. आता चार आकडे झाले: ३, ५, ७, ९. चार वेगळ्या ठिकाणी ठेवा. पहिले दोन, म्हणजे मूळचेच, पुरात गेले असं धरा. हातात तिसऱ्या घरातला ७ आणि चौथ्यातला ९. त्यांतून रेषा मागं ओढा: दुसऱ्या घरात ५, पहिल्यात ३. मूळ परत आलं. दोनऐवजी दहा आकडे असतील तर सरळ रेषेऐवजी वाकडी रेषा घ्यायची, बाकी युक्ती तीच. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सोलोमन यांनी १९६० मध्ये ही मांडली. ओरखडे पडलेली सीडी वाजायची ती याच्यामुळे, आणि पानटपरीवरचा कोपरा फाटलेला क्यूआर कोड आजही स्कॅन होतो तो याच्याच कृपेनं. तीन पूर्ण प्रती म्हणजे तिप्पट जागा. दहाचे चौदा म्हणजे फक्त १.४ पट जागा, आणि चार तुकडे गमावण्याची मुभा.

क्लाउडबद्दल एक सावधगिरी सांगून पुढं जातो. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवणं, म्हणजे सिंक, हा बॅकअप नाही. नातवानं फोनवर एक अल्बम पुसला की क्लाउडही आज्ञाधारकपणे पुसतो. कचरापेटीत काही आठवडे राहतो, मग संपतो. प्रत ती, जिला मूळ फोटोचं काय झालं हे लगेच कळत नाही.

प्रत टिकली तरी ती वाचणारं यंत्र टिकलं पाहिजे. १९६६-६७ मध्ये नासाच्या लुनार ऑर्बिटर यानांनी चंद्राचे फोटो पाठवले, ते मोठ्या चुंबकीय फितींवर नोंदले गेले. फिती राहिल्या, पण त्या वाचणारी फ्रिजएवढी यंत्रं जगातून नाहीशी होत आली. नॅन्सी इव्हान्स या नासाच्या अधिकारी बाईंनी ती यंत्रं मिळवून आपल्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं सांभाळली. २००८ मध्ये एका छोट्या गटानं, नासाच्या कॅलिफोर्नियातल्या केंद्रातल्या बंद पडलेल्या मॅक्डोनाल्ड्समध्ये बसून, ती दुरुस्त केली आणि चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा फोटो मूळ स्पष्टतेत बाहेर काढला. आपल्याकडे फार लांब जायला नको. एम्ब्रॉयडरीची जुनी कॉम्प्युटर मशिनं डिझाइन फ्लॉपीवरून घेत. फ्लॉपी दुर्मीळ झाली तेव्हा तिच्या खाचेत बसणारी आणि पुढून पेन ड्राइव्ह घेणारी छोटी डबी आली. मशीन समजतं फ्लॉपीच आहे. अशी दोन युगांमध्ये पूल बांधणारी माणसं सुरतेच्या गल्ल्यांत सापडतात.

खरं तर सुरत संगणकाच्या आधीपासून चित्रं साठवते आहे. जॅकार्डचा लूम म्हणजे दुसरं काय? फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा घडवली. पुठ्ठ्याच्या कार्डाला जिथं भोक, तिथं धागा वर, जिथं भोक नाही, तिथं खाली. हो किंवा नाही, एवढ्यात सगळी नक्षी. १८३९ मध्ये लियोंमध्ये त्यांचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्या चित्राची एक प्रत संगणकाचा आजोबा म्हणावा अशा चार्ल्स बॅबेज यांनी घरी आणून ठेवली होती. डिंडोलीतल्या ज्या माणसानं आयुष्यभर लूम चालवला, त्यानं डिजिटल चित्र हातांनी हाताळलं आहे, भले फोनमध्ये फोटो कुठं जातात हे तो नातीला विचारत असो.

आणि हिरे. सुरतेत जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडले जातात, आणि तिथं सगळा धंदा दोषावर चालतो. भिंगातून बघायचं, आत डाग किती, त्यावर भाव. आता चीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये काय केलं ते ऐका. त्यांनी अतिसूक्ष्म लेझर स्पंदांनी हिऱ्याच्या आत मुद्दाम दोष पाडले. कार्बनचा एखादा अणू त्याच्या जागेवरून उडवला की तिथं पोकळी उरते, आणि प्रकाश टाकला की ती चमकते. पोकळी किती तेजानं चमकते त्यावर आकडा वाचायचा. अशा पोकळ्यांच्या रांगांनी त्यांनी चित्रं लिहिली, त्यांत छायाचित्रकार मायब्रिजनं १८७८ मध्ये टिपलेल्या धावत्या घोड्याचे फोटोही होते. पुन्हा वाचले तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त अचूक आले. घनता निघाली एका घन सेंटिमीटरला १.८५ टीबी. लाखो वर्षं काहीही देखभाल न करता टिकेल असा त्यांचा अंदाज आहे.

सुरतेच्या हिशेबात ते कॅरेटमध्ये मांडू. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, हिऱ्याची घनता ३.५ च्या आसपास, तर एका कॅरेटमध्ये मावतात साधारण १०५ जीबी. चार फोनवाल्या घराची जवळजवळ दोन वर्षं, सव्वीस हजार फोटो, एका अंगठीच्या खड्यात. आज ते लिहायला आणि वाचायला प्रयोगशाळेतला लेझर आणि सूक्ष्मदर्शक लागतो. पण यंत्रात वाढवलेले हिरे सुरतेतही तयार होतात, आणि त्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरलेत. तेव्हा हिऱ्यात फोटो भरून देण्याचं दुकान उद्या कुणी वराछात किंवा उधन्यात काढलंच, तर तिथं उभं राहून भाव विचारण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारायचं: दुसरा हिरा कुठं ठेवू?